टाक्यांच्या आधीचे प्रश्न

जठराच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की घरची माणसं सर्जनला पहिला प्रश्न बहुधा एकच विचारतात, ‘दुर्बिणीने होईल ना?’ प्रश्न स्वाभाविक आहे. पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशयाच्या गाठी यांसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन झालेलं कुणी ना कुणी आता प्रत्येक नात्यागोत्यात सापडतं. दोन दिवसांत घरी परतलेली वहिनी सगळ्यांनी पाहिलेली असते, आणि पोट उघडून झालेल्या ऑपरेशननंतर खोकला आला की पोटावर उशी दाबून धरणारे आजोबाही पाहिलेले असतात. मग कॅन्सरमध्येसुद्धा कमी दुखावं, टाके कमी पडावेत असं वाटण्यात गैर काय? काहीच नाही. मला खटकतं ते एवढंच की या एका प्रश्नाच्या उत्तरावर हॉस्पिटल ठरतं, आणि माणूस पाच वर्षांनी आपल्यात असेल की नाही हे ज्या प्रश्नांवर अवलंबून असतं ते विचारायचे राहूनच जातात.

दोन्ही पद्धतींत आत करायचं काम एकच असतं. गाठ असलेला जठराचा भाग भोवतालची पुरेशी निरोगी कड घेऊन काढायचा. गाठ खालच्या टोकाला असेल तर जठराचा खालचा मोठा भाग, वरच्या बाजूला असेल तर बऱ्याचदा संपूर्ण जठर. हा कॅन्सर लवकर पसरतो तो लसिकाग्रंथींमध्ये, आणि या ग्रंथी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने असतात. म्हणून जठराला चिकटलेल्या ग्रंथी तर काढायच्याच, शिवाय यकृताकडे आणि प्लीहेकडे जाणाऱ्या धमन्यांवरच्या आणि त्या धमन्या जिथून फुटतात तिथल्याही काढायच्या. सर्जन याला ‘डी-टू’ म्हणतात. जपानी सर्जनांनी या ग्रंथींचे गट पाडून त्यांना क्रमांक दिले, 1962 मध्ये ती वर्गवारी पुस्तकरूपाने आली आणि आज जगभर तीच भाषा चालते. सगळं काढून झालं की अन्नाची वाट पुन्हा जोडायची. पोट उघडून करताना छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत छेद घेतात. दुर्बिणीने करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि पाचेक छिद्रांतून कॅमेरा व लांब दांड्यांची हत्यारं घालतात. काढलेला भाग बाहेर आणायला शेवटी एक छोटा छेद तरीही लागतोच. धमन्या त्याच, स्वादुपिंड तेच, आणि आतड्याचा जोड सुटला तर ओढवणारं संकटही तेच.

व्हिएन्नात थिओडोर बिलरोथने 29 जानेवारी 1881 रोजी कॅन्सरग्रस्त जठराचा भाग काढण्याचं जगातलं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. त्याच्या आधी पॅरिसमध्ये पेआँने आणि पोलंडच्या रिडिगिएरने हा प्रयत्न केला होता, दोघांचेही रुग्ण दगावले होते. बिलरोथची रुग्ण थेरेसा हेलर मात्र ऑपरेशनमधून उठली, खाऊ-पिऊ लागली, घरी गेली. चार महिन्यांच्या आत ती वारली, कारण आजार आधीच पोटभर पसरलेला होता. ऑपरेशन पार पडणं आणि आजार जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या पहिल्याच रुग्णाने दाखवून दिलं, आणि दुर्बीण की छेद या वादात आजही याच गोष्टीचा विसर पडतो.

पुढे 110 वर्षांनी, 1991 मध्ये, जपानमधल्या ओइता इथे सेइगो कितानो यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा खालचा भाग काढला. त्या काळात सर्जन धास्तावलेले होते आणि त्यांच्या धास्तीला कारण होतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीच्या छिद्रांच्याच जागी पुन्हा गाठी उगवल्याच्या बातम्या येत होत्या. ती शंका फिटायला अमेरिकेतल्या 872 रुग्णांच्या चाचणीचे 2004 मधले निष्कर्ष यावे लागले. दोन्ही पद्धतींत आजार उलटण्याचं प्रमाण सारखंच निघालं. आतड्याचं प्रकरण असं सुखरूप पार पडल्यावर सगळ्याच कॅन्सरबाबत निर्धास्त व्हावं असं अनेकांना वाटलं.

तो निर्धास्तपणा 2018 मध्ये मोडला. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी 631 स्त्रियांवर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. साडेचार वर्षांनी आजाराविना जगत असलेल्या स्त्रिया पोट उघडून केलेल्या गटात 96.5 टक्के होत्या, दुर्बीण किंवा रोबोटच्या गटात 86 टक्के. तोवर ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने करणं पुढारलेलं मानलं जात होतं. छेद लहान, रक्तस्राव कमी, रुग्ण लवकर घरी, असं सगळं डोळ्यांना दिसत होतं. दिसत नव्हतं ते पुढच्या काही वर्षांत घडत होतं. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेबद्दल ‘हे उघडच चांगलं आहे’ असं कुणी म्हणालं की मला हे आकडे आठवतात. एका अवयवाचं उत्तर दुसऱ्या अवयवाला लावता येत नाही, प्रत्येक ठिकाणी ते मोजूनच काढावं लागतं.

जठराच्या बाबतीत ते मोजलं गेलं आहे, आणि मोजणी चोख आहे. कोरियातल्या 1416 रुग्णांच्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्याच्या आजारासाठी पाच वर्षांनी दुर्बिणीच्या गटातले 94.2 टक्के आणि पोट उघडलेल्या गटातले 93.3 टक्के रुग्ण हयात होते. जखमेच्या तक्रारी दुर्बिणीच्या गटात कमी होत्या. जपानच्या चाचणीनेही हेच सांगितलं. वाढलेल्या आजारासाठी कोरियाने 1050 रुग्णांची आणि चीनने 1056 रुग्णांची चाचणी घेतली. तीन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण दोन्ही देशांत दोन्ही गटांमध्ये जवळजवळ सारखं होतं: कोरियात 80.3 आणि 81.3 टक्के, चीनमध्ये 76.5 आणि 77.8 टक्के. म्हणजे दुर्बिणीने कॅन्सर ‘अर्धवट राहतो’ ही आपल्याकडे अजून ऐकू येणारी भीती, निदान जठराचा खालचा भाग काढताना आणि जाणत्या हातांत, निराधार आहे. हे स्पष्ट म्हणायला हवं, कारण पोट उघडण्याचाच सराव असलेले काही जुने सर्जन अजूनही या भीतीचा आधार घेतात.

पण ‘जाणत्या हातांत’ हे शब्द मी सहज घातलेले नाहीत. कोरियातल्या पहिल्या चाचणीत भाग घ्यायचा तर सर्जनने दोन्ही पद्धतींच्या प्रत्येकी किमान 50 शस्त्रक्रिया केलेल्या असणं आवश्यक होतं, आणि त्याच्या रुग्णालयात वर्षाला अशा 80 हून अधिक शस्त्रक्रिया होत असाव्या लागत. दुसऱ्या चाचणीआधी तर सर्जनांनी आपल्या शस्त्रक्रियांचे कापछाट न केलेले व्हिडिओ परीक्षकांना दाखवले. ग्रंथी नीट निघाल्या की नाही हे दुसऱ्यांनी बसून तपासलं, आणि त्यात उतरलेल्यांनाच प्रवेश मिळाला. त्या चाचण्यांनी दुर्बिणीला दिलेलं प्रमाणपत्र अशा माणसांच्या हातातल्या दुर्बिणीला आहे. वर्षाकाठी तीन-चार जठरं काढणाऱ्या सर्जनने त्याच आकड्यांकडे बोट दाखवून रुग्णाला निश्चिंत करणं मला प्रामाणिक वाटत नाही. दुर्बीण दोघांकडे एकाच कंपनीची असली तरीही.

नेदरलँड्समधल्या दहा रुग्णालयांत 227 रुग्णांवर अशीच चाचणी झाली. तिथले बहुतेक रुग्ण वाढलेल्या आजाराचे होते. दुर्बिणीच्या गटात रक्तस्राव निम्मा झाला, वेळ अर्धा तास जास्त लागला, आणि मुख्य प्रश्नाचं, म्हणजे रुग्णालयात किती दिवस राहावं लागतं याचं उत्तर दोन्ही गटांत सात दिवस असंच आलं. गुंतागुंतीचं प्रमाणही जवळपास सारखं होतं. चीनमध्येही वाढलेल्या आजारात दुर्बिणीने गुंतागुंत कमी झाली नाही, कोरियात मात्र झाली. डच रुग्णालयांत पोट उघडलेले रुग्णही सात दिवसांत घरी जात होते, कारण तिथे दोन्ही गटांची शुश्रूषा एकाच आधुनिक रीतीने झाली. वेदना आवरून रुग्णाला लवकर उठवणं, चालवणं, नळ्या लवकर काढणं, तोंडाने लवकर खायला देणं, हे सगळं दोघांच्या वाट्याला सारखं आलं. म्हणजे ‘दुर्बिणीमुळे लवकर बरं वाटलं’ असं आपण म्हणतो त्यातला बराच वाटा परिचारिकांचा, भूलतज्ज्ञांचा, फिजिओथेरपिस्टचा आणि आहारतज्ज्ञांचा असू शकतो. या माणसांवर रुग्णालय किती खर्च करतं हे जाहिरातीत दिसत नाही. रोबोटचा फोटो मात्र महामार्गावरच्या फलकावर असतो.

हातांचं मोल किती याचा सर्वांत बोलका पुरावा दुर्बिणीच्या चाचण्यांच्या बाहेर आहे. 1989 ते 1993 या काळात नेदरलँड्समध्ये डी-टू आणि त्याहून मर्यादित शस्त्रक्रियेची तुलना झाली, दोन्हीकडे पोट उघडूनच. डी-टूच्या गटातले 10 टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले, मर्यादित शस्त्रक्रियेच्या गटातले 4 टक्के. त्यानंतर जपानमध्ये डी-टू आणि त्याहूनही विस्तृत शस्त्रक्रिया अशी तुलना 523 रुग्णांवर झाली, तेव्हा दोन्ही गटांतला मृत्युदर 0.8 टक्का होता. तीच शस्त्रक्रिया, एका देशात दहातला एक जातो, दुसऱ्या देशात शंभरातला एकही पूर्ण नाही. डच रुग्ण वयाने मोठे होते, अंगाने जड होते, हे खरंच. पण तिथे ही शस्त्रक्रिया अनेक लहानमोठ्या रुग्णालयांत विखुरलेली होती आणि प्रत्येक सर्जनच्या वाट्याला मोजके रुग्ण येत होते, हेही तितकंच खरं. त्याच डच रुग्णांचा 15 वर्षांचा पाठपुरावा झाला तेव्हा जठराच्या कॅन्सरने होणारे मृत्यू डी-टूच्या गटात कमी, 37 टक्के, आणि दुसऱ्या गटात 48 टक्के निघाले. शस्त्रक्रिया योग्यच होती, ती पेलणारी व्यवस्था तयार नव्हती.

डेन्मार्कने ही व्यवस्था बदलून दाखवली. 2003 पर्यंत तिथे 37 विभागांत जठराच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया होत. त्या पाच ठिकाणी एकवटल्या गेल्या. शस्त्रक्रियेनंतरचा मृत्युदर 8.2 टक्क्यांवरून 2.4 टक्क्यांवर आला, आणि किमान 15 ग्रंथी तपासल्या गेलेल्या रुग्णांचं प्रमाण 19 टक्क्यांवरून 76 टक्क्यांवर गेलं. बदललं होतं ते मुख्यतः रुग्ण कुणाकडे जातात हे. इतका मोठा फरक जठराच्या बाबतीत दुर्बिणीच्या कोणत्याही चाचणीत कुणाला दिसलेला नाही. मला म्हणायचं आहे ते याच आकड्यांत आहे.

आता आपल्याकडे. जपानने 1960 च्या दशकापासून गावोगावी क्ष-किरणांच्या गाड्या फिरवल्या, कोरियात चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी मिळते. त्यामुळे त्यांच्याकडे आजार लहान असतानाच सापडतो, आणि लहान आजार हीच दुर्बिणीची सर्वांत भक्कम जागा आहे. भारतात हा आजार मिझोराममध्ये फार आहे, महाराष्ट्रात तितका नाही, त्यामुळे सरसकट सर्वांची एंडोस्कोपी करा असं इथे कुणी म्हणणार नाही. पण त्याचा परिणाम असा की आपले बहुतेक रुग्ण उशिरा पोचतात. पोटात जळजळतं, चार घास खाल्ले की पोट भरतं, वजन उतरतं. घरात म्हणतात ‘पित्त झालंय’, औषधाच्या दुकानातून पित्ताची गोळी येते, आणि तिने काही आठवडे बरंही वाटतं. आम्ल कमी झालं की कॅन्सरचा व्रणसुद्धा तात्पुरता शांत होतो, हेच या गोळीचं घातक रूप आहे. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेलं ‘पित्त’, उतरणारं वजन, वारंवार उलटी, गिळताना अडकणं, काळी शौच, कारण न कळणारं रक्त कमी होणं, यांपैकी काहीही असेल तर गोळीच्या आधी एंडोस्कोपी व्हायला हवी. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि तालुक्याच्या अनेक गावांत आता होते. दुर्बीण की छेद या निवडीने जे मिळेल त्यापेक्षा वेळेवर झालेल्या या तपासणीने कितीतरी जास्त मिळेल.

उशिरा आलेल्या रुग्णासाठी शस्त्रक्रिया ही सहसा पहिली पायरीही नसते. इंग्लंडमधल्या एका चाचणीने 2006 मध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमो दिली तर पाच वर्षांनी हयात असणारे 23 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर जातात. पुढे जर्मनीत त्याहून चांगली औषधं निघाली. इथे एक गोष्ट दुर्बिणीच्या बाजूने बोलते. त्या इंग्लिश चाचणीत ठरलेली सगळी केमो पूर्ण करू शकलेले रुग्ण निम्म्याहूनही कमी होते, कारण शस्त्रक्रियेनंतर शरीर खचतं. छिद्रांमुळे शरीर कमी खचत असेल आणि केमो वेळेवर सुरू होत असेल तर तो खरा लाभ ठरेल. पण त्यासाठी शस्त्रक्रियेआधीच रुग्णाची तब्येत आणि पोषण सावरणं आणि घरच्यांना पुढच्या केमोची कल्पना देणंही तितकंच लागतं. ‘आधी गाठ काढून टाका, मग बघू’ हा आपला नेहमीचा हट्ट तिथे आड येतो.

माझ्या मते आपल्या रुग्णांसाठी दुर्बिणीचा सर्वांत मोलाचा उपयोग आहे तो जठर काढण्याच्या आधीचा, म्हणजे पोटात नुसतं पाहण्याचा. सीटी स्कॅनमध्ये न दिसणारे कॅन्सरचे बाजरीसारखे बारीक दाणे पोटाच्या अस्तरावर पसरलेले असू शकतात. ते असतील तर जठर काढून रुग्णाचं आयुष्य वाढत नाही, उलट उरलेल्या महिन्यांतले कित्येक आठवडे जखम भरण्यात जातात. पाऊण तासाच्या भुलीत एका-दोन छिद्रांतून हे कळतं, आणि रुग्ण एका मोठ्या निरर्थक शस्त्रक्रियेतून वाचतो. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. पोटाच्या क्षयाचे दाणेही असेच दिसतात. जठराचा कॅन्सर असलेल्या माणसाला पोटाचा क्षयही असणं या देशात अशक्य नाही. तुकडा काढून तपासला नाही तर बरा होऊ शकणारा रुग्ण ‘चौथी स्टेज’ म्हणून घरी पाठवला जाण्याचा धोका राहतो. मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया 1970 च्या दशकापासून अशी तपासणीची दुर्बीण वापरत होते. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया त्यांनी जे. जे. रुग्णालयात केली ती पुढे, 1990 मध्ये. हे तंत्र गरिबांच्या आणि खेड्यांच्या आवाक्यात आलं पाहिजे यासाठी ते आयुष्यभर झटले. पुढच्या पिढीने त्यांच्याकडून काढण्याची दुर्बीण झटपट घेतली. पाहण्याची दुर्बीण मात्र अजून कित्येक ठिकाणी टाळली जाते, कारण तिचं बिल लहान असतं आणि तिच्यामुळे मोठं बिल कधीकधी रद्द होतं. हे कटू आहे, पण लिहायलाच हवं.

उदवाडियांचा आग्रह एका अर्थाने या सगळ्या वादाला पुरून उरतो. दुर्बीण ही श्रीमंतांची चैन आहे असं मानणारे विसरतात की महिनाभर वजन उचलू नका हा सल्ला बँकेतल्या माणसाला परवडतो, हमालाला आणि शेतमजूर बाईला परवडत नाही. पोटावरच्या लांब छेदात पुढे हर्निया होण्याचा धोका तिलाच जास्त, कारण तिला ओझं उचलावंच लागतं. म्हणून आजार सुरुवातीचा असेल, गाठ जठराच्या खालच्या भागात असेल आणि सर्जनचा हात बसलेला असेल, तर दुर्बीण मागावी आणि ती सरकारी योजनेतूनही मिळावी, अशा मताची मी आहे. गाठ स्वादुपिंडाला चिकटलेली असेल, रक्तस्राव चालू असेल किंवा सर्जन स्वतःच ‘मी उघडून जास्त नीट करेन’ असं म्हणत असेल, तर उघडून करू द्यावं आणि मनात किंतु ठेवू नये. असं सांगणारा सर्जन बहुधा विश्वासाचा असतो. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच पोट उघडून पूर्ण करावी लागली तर ‘दुर्बिणीने म्हणाले आणि शेवटी फाडलंच’ असा राग नातेवाइकांनी धरू नये. या रागाच्या भीतीने सर्जन दुर्बिणीलाच चिकटून राहिला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. आणि जठर गेल्यानंतरचं आयुष्य दोन्ही पद्धतींत सारखंच असतं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, गोड खाल्लं की घाम फुटून घाबरं होऊ शकतं, संपूर्ण जठर काढलं असेल तर बी-12 चं इंजेक्शन जन्मभर घ्यायचं. हे शिकवायला वॉर्डात कुणी आहे का, हेही शस्त्रक्रियेआधीच पाहून ठेवावं.

मग सर्जनसमोर बसल्यावर विचारायचं काय? तुमच्याकडे वर्षाला जठराच्या कॅन्सरच्या किती शस्त्रक्रिया होतात? त्यांतले किती रुग्ण महिन्याच्या आत दगावतात? केमो आधी द्यायची का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांशी बसून ठरवलंय का? आधी दुर्बिणीने पोटात पाहणार का? हे विचारणं उद्धटपणाचं नाही. टाटा मेमोरियलच्या सर्जनांनी आपल्या डी-टू शस्त्रक्रियांचे निष्कर्ष जगासमोर छापले आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना ज्या रुग्णालयांना या शस्त्रक्रियेचे पैसे देते, त्या सर्वांकडून शासनाला हेच आकडे मागता येतील आणि जिल्हावार प्रसिद्धही करता येतील. ज्या ठिकाणी वर्षात दोन-तीनच जठरं निघतात तिथल्या रुग्णाला मोठ्या केंद्रात जायचं भाडं आणि सोबतच्या माणसाच्या राहण्याची सोय योजनेतूनच द्यावी. डेन्मार्कमध्ये जे झालं ते आपल्या अंतरांवर याशिवाय होणार नाही.

शस्त्रक्रिया झाल्यावर दहा-पंधरा दिवसांत पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. त्याची प्रत आवर्जून मागून घ्या. काढलेल्या भागाची कड कॅन्सरमुक्त आहे का, हे त्यात लिहिलेलं असतं. एकूण किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या कितींत कॅन्सर सापडला, हेही असतं. तपासलेल्या ग्रंथी किमान 16 असाव्यात असा जागतिक संकेत आहे. आकडा सहा-सातच असेल तर ग्रंथी कमी काढल्या गेल्या की काढलेल्यांतून शोधल्या गेल्या नाहीत, हे सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट दोघांनाही विचारा, कारण राखून ठेवलेला तुकडा पुन्हा तपासता येतो आणि पुढच्या केमोचा निर्णय याच आकड्यावर व्हायचा असतो.